प्रीमियर पद्मिनी गाडीची बॉडी रोटिसरीवर, म्हणजे बॉडी गोल फिरवायच्या स्टँडवर, चढवतोयस?
भावा, पद्मिनीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाय, बॉडीच सगळं पेलते, म्हणून फ्लोअर कापायच्या आधी दरवाज्यांच्या चौकटीत तिरके पाइप वेल्ड करून घे, नायतर बॉडी वाकते आणि मग दरवाजे बसतच नाहीत. रोटिसरीचे ब्रॅकेट बंपरच्या माउंटिंगला लाव, पण तिथला पत्रा गंजलाय का ते पेचकसाने टोचून बघ आधी. खरी डोकेदुखी बॅलन्सची, ब्रॅकेटला वर-खाली सरकवायला भोकं ठेव, हात सोडल्यावर बॉडी जिथल्या तिथं थांबली पाहिजे, उलटायला बघत असेल तर बॉडी अजून खाली घे. माझी पहिल्यांदा गर्रकन फिरली, मनगट थोडक्यात वाचलं! लॉकिंग पिन घातल्याशिवाय खाली डोकं घालू नको. आणि हो, पेट्रोलची टाकी आधीच उतरव.