सी-१० मध्ये एलएस टाकायचंय, सुरुवात कुठून करू?

मागच्या अंकात मी माझ्या १९७० च्या शेव्हरोले सी-१० पिकअपबद्दल लिहिलं होतं, जुन्या बॉडीत एलएस, म्हणजे जनरल मोटर्सचं फ्युएल इंजेक्शनचं नवं व्ही-८ इंजिन, आणि ओव्हरड्राइव्हचा (वरच्या गिअरला इंजिन सावकाश फिरू देणारा) गिअरबॉक्स टाकून तो रोज ऑफिसला नेता येईल असा कसा केला ते. त्यावर ढीगभर प्रश्न आलेत, त्यातले चार घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण तेच बऱ्याच जणांनी विचारलंय.

प्रश्न: दादा नमस्कार, मी मूळचा नाशिकचा, सध्या ह्यूस्टनला असतो. मागच्या महिन्यात एका शेतकऱ्याकडून १९६९ चा सी-१० घेतला. लाँगबेड (मागचा हौदा लांब) आहे, २५० घनइंचाचं सिक्स सिलिंडर, तीन गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. इंजिन चालू होतं पण धूर काढतं. मला एलएस टाकायचंय. जंकयार्डातलं ५.३ लिटरचं एलएस घेऊ का थेट नवीन एलएस३? बजेट फार नाहीये आणि घरी सांगून बसलोय की उन्हाळ्यापर्यंत गाडी तयार होईल. – एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर: आधी अभिनंदन, १९६७ ते ७२ चे सी-१० म्हणजे माझ्या मते शेव्हरोलेने काढलेले सगळ्यात देखणे पिकअप, आणि मागच्या चाकांना पाट्यांऐवजी लांब आर्म आणि कॉइल स्प्रिंग असल्याने चालायलाही मऊ. इंजिनाचं सांगतोच, पण त्याआधी एक टोकदार स्क्रूड्रायव्हर आणि एक लोहचुंबक घेऊन गाडीखाली जा. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालची पट्टी, छताची पन्हळ आणि काचेखालचा हवा आत घेणारा भाग, ह्या चार जागी पत्रा सडतो. चुंबक चिकटत नसेल तर तिथे पुट्टी भरलीय असं समजा. केबिन ज्या माउंटवर बसते तिथला पत्रा गेला असेल तर पैसे आधी तिकडे जाणार, त्याला इलाज नाही.

आता तुमचा प्रश्न. मी ५.३ घेईन, दोनदा विचार न करता. १९९९ ते २००७ च्या शेव्हरोले सिल्व्हराडो पिकअपमधलं हे इंजिन, बीडाचा ब्लॉक, सालाप्रमाणे २७० ते २९५ हॉर्सपॉवर. तुमचं २५० चं सिक्स कागदावर १५५ चं, आणि ते १५५ सुद्धा त्या काळच्या ग्रॉस पद्धतीने मोजलेले, म्हणजे सायलेन्सर, फॅन वगैरे न लावता, त्यामुळे खरा फरक आकड्यांपेक्षा मोठा आहे. एलएस३ म्हणजे ६.२ लिटर, २००८ च्या कॉर्व्हेटमध्ये ४३०, सुंदरच इंजिन, पण ज्या ट्रकला अजून ड्रम ब्रेक आहेत त्याला ४३० घोडे कशाला. घेताना मात्र सगळं एकाच गाडीतलं घ्या: इंजिन, ४एल६०ई गिअरबॉक्स, वायरिंग हार्नेस, कॉम्प्युटर, आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल आणि त्याचं मॉड्यूलसुद्धा, कारण ह्या तिघांची जोडी जुळावी लागते आणि नंतर एकेक तुकडा शोधताना जीव जातो. कॉम्प्युटरमधलं चोरीविरोधी लॉक आधी काढून घ्यायला लागतं, नाहीतर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं आणि माणूस दिवसभर पेट्रोलच्या लाइनी तपासत बसतो.

बसवताना दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे ऑइल पॅन, इंजिनाखालचं ऑइलचं भांडं. ट्रकचा पॅन खोल असतो, क्रॉसमेंबरच्या (चासीच्या आडव्या दांड्याच्या) खाली लोंबतो, म्हणून लोक १९९८ ते २००२ च्या कॅमारोचा किंवा बाजारात मिळणारा स्वॅप पॅन लावतात, आणि पॅन बदलला की आतली ऑइल ओढायची नळी पण बदलायची, हे विसरू नका. दुसरं एसीचा कॉम्प्रेसर, उजवीकडे खाली असतो तो चासीला भिडतो, त्याची जागा वर न्यावी लागते. मी माझं इंजिन होइस्टला टांगून तीन वेळा आत उतरवलं. पॅन आणि क्रॉसमेंबरच्या मध्ये मुलीच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा ठेवला, इंजिन पूर्ण टेकवलं, परत उचललं आणि चपटा झालेला गोळा कापून मोजला. पाव इंचसुद्धा नव्हता. गिअर टाकल्यावर रबरी माउंटवर इंजिन हिसका मारतं तेव्हा तेवढी फट पुरत नाही, मग माउंटच्या अ‍ॅडॉप्टर प्लेट सरकवून इंजिन थोडं मागे घेतलं, पुन्हा नवीन गोळा, पुन्हा माप. अर्धा इंच मिळाला तेव्हाच बोल्ट कसले.

पेट्रोलचं सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या कार्बोरेटरला ५-६ पीएसआय प्रेशर पुरतं, एलएसला ५८ लागतं. जुन्या नळ्या, जुने रबरी पाइप, काही काही वापरायचं नाही. आणि तुमची टाकी सीटच्या मागे, केबिनच्या आत आहे, म्हणजे तुमच्या पाठीला टेकून. ती काढा आणि बेडच्या खाली दोन चासी रेलच्या मध्ये नवीन टाकी बसवा, आत पंप असलेली. कॉर्व्हेटचा फिल्टर येतो त्यातच ५८ चा रेग्युलेटर असतो, तो टाकीजवळ लावला की इंजिनापर्यंत एकच लाइन न्यावी लागते. पण टाकी घेताना आतमध्ये पंपाभोवती बॅफल (पेट्रोल एका बाजूला पळू न देणारे आडपडदे) आहे का ते विचाराच. मी पहिली टाकी स्वस्तातली घेतली होती, साधा डबा. एकदा पाव टाकी पेट्रोल असताना हायवेवरून उतरायच्या गोल रॅम्पवर वळलो, पेट्रोल सगळं एका बाजूला गेलं, पंपाने हवा ओढली आणि इंजिन वळणातच मेलं, पाठोपाठ पॉवर स्टिअरिंग जड. मागून एक ट्रेलर येत होता. सीटवर माझी आई बसली होती, दोन दिवसांपूर्वीच पुण्याहून आलेली. त्या संध्याकाळी ती टाकी उतरवली ती परत लावली नाही.

म्हणून क्रम असा ठेवा की ह्या वर्षी इंजिनाला हातच लावायचा नाही. धूर काढणारं सिक्स आहे तसं राहू द्या, ऑइल बघत चालवा, आणि त्याच्यासोबत पुढचे डिस्क ब्रेक, बूस्टर, मास्टर सिलिंडर, सगळे होज, स्टिअरिंग बॉक्स, टाकी आणि वायरिंग करून घ्या. नव्या टाकीतल्या पंपाचं प्रेशर सिक्ससाठी वेगळ्या रेग्युलेटरने खाली आणावं लागेल, ते जमतं. शेव्हरोलेने स्वतः १९७१ पासून पुढे डिस्क दिले आणि चाकाचे नटही सहाचे पाच केले, तुम्ही पण पाचवरच जा, रिमना भरपूर पर्याय मिळतात. ह्या क्रमाने गाडी प्रत्येक टप्प्यावर चालू राहते. सगळं एकदम खोललेल्या गाड्या मी ताडपत्रीखाली पाच-पाच वर्षं पडलेल्या बघितल्यात, मालकाचा उत्साह संपतो आणि मग ती अर्धवट विकली जाते, फार वाईट वाटतं ते बघून. वहिनींना आजच खरं सांगा: दोन उन्हाळे.

एक राहिलं, एलएसच्या हेडमधून वाफ निघायला बारीक नळी असते ती रेडिएटरला जोडायचीच, बंद करून टाकायची नाही. ह्यूस्टनच्या उकाड्यात तर अजिबात नाही.

प्रश्न: माझ्या १९७२ च्या सी-१० मध्ये आधीच्या मालकाने कार्बोरेटरवालं ३५० घनइंचाचं व्ही-८ आणि टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टाकलाय. गावात मस्त चालतो पण हायवेला ७० माइलला इतका आवाज की बोलता येत नाही. मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो ३.७३, टायर २८ इंची. मागचा गिअर बदलू का? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: कागद-पेन घ्या. माइल गुणिले मागचा गिअर गुणिले ३३६, भागिले टायरची उंची. ७० × ३.७३ × ३३६ ÷ २८ म्हणजे ३१३३ आरपीएम. टर्बो ३५० ला तीनच गिअर आणि तिसरा सरळ एकास एक, म्हणून हा आवाज. मागे ३.०८ टाकला तर २६०० च्या आत येईल, पण सिग्नलवरून उठताना ट्रक जड वाटेल, ती मजा जाईल. त्यापेक्षा ७००आर४ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स लावा. चौथा ओव्हरड्राइव्ह ०.७०, म्हणजे तोच ३.७३ ठेवून ७० माइलला साधारण २२०० आरपीएम, आणि पहिला गिअर ३.०६, तुमच्या आताच्या २.५२ पेक्षा कितीतरी जोरकस. दोन्हीकडून फायदा.

ह्याला कॉम्प्युटर लागत नाही, पण कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल येते. ती फक्त गिअर कधी बदलायचा एवढंच सांगत नाही, आतलं ऑइलचं प्रेशर तिच्यावर ठरतं. केबल ढिली राहिली की प्रेशर कमी, क्लच घसरतात आणि काही मैलांत नवाकोरा बॉक्स जळतो, असं झालेलं मी जवळून बघितलंय. तुमच्या कार्बोरेटरला बसणारं ब्रॅकेट घ्या आणि प्रेशर गेज लावून अ‍ॅडजस्ट करा, अंदाजाने नको. बॉक्स लांबीला मोठा आहे, त्यामुळे मागचं माउंट सरकेल आणि प्रोपेलर शाफ्ट मापून कापून घ्यावा लागेल.

प्रश्न: फ्रीमाँटला राहतो. दोन ट्रक बघून ठेवलेत, एक १९७४ चा, एक १९७८ चा. ७८ चा पत्रा जास्त चांगला आहे. दोन्हीपैकी कुठला घेऊ? एलएस टाकणारच आहे. – एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर: ७४. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग (धुराच्या प्रदूषणाची) चाचणी माफ आहे. ७८ मध्ये इंजिन बदललं तर नवं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याचं सगळं प्रदूषणाचं सामान कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट जागेवर हवं, आणि स्मॉग रेफरीकडून (सरकारी तपासनिसाकडून) तपासून घ्यावं लागतं. होतं ते, लोक करतात, पण पहिल्या ट्रकला हा व्याप नको. पत्रा बदलता येतो, साल बदलता येत नाही. आणि माफी आहे म्हणून कन्व्हर्टर फेकू नका, माझ्या ट्रकला लावलेत, पॉवर काही कमी वाटत नाही आणि गॅरेजमध्ये डोळे चुरचुरत नाहीत.

प्रश्न: काका, मी सांगलीची, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजोबांचा १९५६ चा फार्गो पिकअप आमच्या शेडमध्ये तीस वर्षं उभा आहे, पेट्रोलचं सिक्स सिलिंडर, इंजिन जाम. बाबा म्हणतात भंगारात घाल. मला त्यात बोलेरोचं डिझेल इंजिन, पॉवर स्टिअरिंग, डिस्क ब्रेक टाकून तुमच्यासारखा बनवायचाय. चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर: बाळा, भंगारात अजिबात घालू देऊ नकोस, आणि बोलेरोचं इंजिनही टाकू नकोस. अमेरिकेत जे चालतं ते आपल्याकडे कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून आरसीतला तपशील वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलंय. पण तुझ्या बाजूने एक नियम आहे. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि आधीचा नंबर असेल तर तो ठेवता येतो. मुख्य अट अशी, चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं, मोठी फेरफार नको. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ती चालत नाही, पण ह्या वयाच्या गाडीला कोण रोज जुंपणार.

आणि तुझ्या गावाशी तिचं नातं आहे गं. सांगलीतलं वालचंद कॉलेज ज्यांच्या नावाने आहे त्या वालचंद हिराचंदांनीच प्रीमियर कंपनी काढली, आणि प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो जोडले जायचे. तुमचा तिथलाच असेल तर त्याची प्लेट फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) किंवा दाराच्या चौकटीला शोध.

जाम इंजिनाला स्टार्टर मारू नकोस. सगळे प्लग काढ, प्रत्येक भोकात थोडं पातळ ऑइल सोड, तीन-चार दिवस राहू दे, मग प्लग न लावताच हँडलने हळूहळू मागेपुढे हलव, जोर नको. ही साइड व्हॉल्व्हची इंजिनं असतात, हेड काढलं की व्हॉल्व्ह वरूनच दिसतात, कुठला अडकलाय ते नुसत्या डोळ्यांनी कळतं, शिकायला ह्याच्याहून चांगलं इंजिन नाही. वायरिंगला हात लावायच्या आधी बॅटरी ६ व्होल्टची आहे का १२ ची, आणि अर्थ पॉझिटिव्ह आहे का निगेटिव्ह, ते लिहून ठेव. ब्रेकचे सिलिंडर आणि होज मात्र सगळे नवे, तिथे जुनं काही ठेवायचं नाही.

पण सगळ्यात आधी आजोबांचं आरसी बुक शोध. त्यातला इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघ, वायर ब्रशने गंज काढ आणि खडू फिरव म्हणजे खोदलेले आकडे उठून दिसतात. आजोबा नसतील तर फॉर्म ३१ भरून आधी बाबांच्या नावावर घ्या. नंबर जुळले की मला कळव, पुढचं पुढच्या अंकात सांगतो.