वाचकांचे प्रश्न : ऊसतोड टोळीची पोरं वर्गात आली की शाळा बिघडते का?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही वाळवा तालुक्यातले, मुलगी झेडपीच्या शाळेत सहावीत आहे. भाच्याने मोबाइलवर शाळेचा यू-डायसचा (शाळांच्या सरकारी माहितीचा) रिपोर्ट काढून दाखवला, आठवीत फक्त १४ पोरं आणि सगळ्या शाळेत निम्म्याच्या वर मागासवर्गीय. त्यात आठवीच्या स्कॉलरशिपला आमच्या शाळेची निम्मी पोरंपण पास नाहीत, आणि शेजारच्या इंग्लिश मीडियमने ‘१०० टक्के’ म्हणून बोर्ड लावलाय. घरचे म्हणतात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्यांची पोरं वर्गात बसतात त्यामुळं आपली पोरगी मागं पडते, काढू तिथनं. काय करू?
– एक आई

उत्तर : आधी तो बोर्ड घ्या. १०० टक्के म्हणजे कितीतले किती? बसलेच सहा असतील, तेही निवडून बसवलेले, तर १०० टक्के निघणारच की. मी बत्तीस वर्षं झेडपीत काढली, आमच्याकडं झाडून सगळ्या पोरांचे फॉर्म भरा म्हणून वरनं निरोप यायचा, मग जूनमध्ये जोडाक्षराला अडखळणारं पोरगंसुद्धा पेपरला बसायचं आणि ते नापास झालं की शाळेचा निकाल पडला म्हणून गावभर बोभाटा. त्यात तुमच्या शाळेच्या आठवीत १४ पोरं, म्हणजे एक पोरगं म्हणजे सात टक्के! एकाने ताप अंगावर घेऊन पेपर दिला की शाळा सात टक्क्यांनी खाली. असल्या टक्क्यांवरनं पोरीचा दाखला काढायचा नसतो.

आणि मागासवर्गीय निम्म्याच्या वर आहेत म्हणून तुम्ही का दचकलात ते मला कळलं नाही, खरं सांगते. गावात ज्यांना परवडतं त्यांची पोरं पिवळ्या बसमधनं जातात, राहिलेली झेडपीत येतात. तो आकडा गावाचा आहे, गुरुजींच्या शिकवण्याचा नाही.

आता टोळीच्या पोरांचं. इथं एक गंमत आहे जी रिपोर्टमध्ये दिसत नाही. शाळेचा पट धरतात ३० सप्टेंबरचा, त्यावरच संचमान्यता, म्हणजे शिक्षक किती मिळणार ते ठरतं. आणि आपल्याकडं कारखान्यांचे बॉयलर पेटतात त्यानंतर. टोळ्या येतात, फडाशेजारी खोपी पडतात, चार-सहा पोरं वर्गात वाढतात, पण ती कागदावर बीडला नाहीतर आपल्याच जतला असतात. म्हणजे गुरुजी मोजले सप्टेंबरच्या पोरांवर आणि शिकवायचं नोव्हेंबरच्या पोरांना. मार्च-एप्रिलात हंगाम संपून पट्टा पडला की ती परत जातात, वार्षिक परीक्षा कुठं देतात कुणास ठाऊक. काहींकडं शिक्षण हमी कार्ड (गाव सोडून जाणाऱ्या पोरांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं) असतं, बऱ्याच जणांना ते काय असतं हेच माहीत नसतं.

माझ्या वर्गात एकदा जतकडची एक पोरगी आली होती, दोन महिने तोंड उघडलं नाही, आम्ही तिला ‘कच्ची’ म्हणून बाजूला बसवलेलं. नंतर कळलं पोरगी कन्नड शाळेतली, गणितं तोंडी आमच्या पोरांच्या आधी करायची, फक्त मराठी वाचता येत नव्हतं. मला अजून त्याची लाज वाटते.

पण तुमच्या घरच्यांचं अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. एकाच तासाला एकाला भागाकार आणि दुसऱ्याला समीकरण शिकवायचं म्हणजे गुरुजींची ओढाताण होते, वेळ वाटला जातो. मात्र त्याचं खापर पोरांवर फोडू नका. कायद्यात (शिक्षण हक्क कायदा २००९) सहावी ते आठवीला ३५ पोरांमागं एक शिक्षक, गणित-विज्ञान, भाषा आणि समाजशास्त्राला वेगळी माणसं, वर्षाला २२० दिवस शाळा असं स्पष्ट लिहिलंय. तुमच्या शाळेत गणिताला माणूस आहे का? असला तर तो किती दिवस वर्गात आणि किती दिवस मतदार याद्या घेऊन गावात? हे रिपोर्टपेक्षा महत्त्वाचं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, तेव्हा पुढच्या मीटिंगला चहा-बिस्किटावर सही करून येऊ नका, हे विचारा.

घरी एक करा. पोरीची जूनमधली वही आणि आत्ताची वही शेजारी ठेवा. पाचवीच्या पुस्तकातलं एक पान वाचायला लावा, मग काय वाचलंस ते तिच्या शब्दात सांगायला लावा, दोन भागाकार घाला. प्रगतिपुस्तकातला अ-१, ब-२ दुसऱ्या शाळेशी लावू नका, तो ज्याच्या-त्याच्या गुरुजींनी दिलेला असतो. आणि पोरांना किती येतं ते तपासणारं ते केंद्र सरकारचं सर्वेक्षण, २०२१ला १२ नोव्हेंबरला झालं, मग २०२४ला ४ डिसेंबरला, त्यात निवडक शाळा घेतात आणि चित्र जिल्ह्याचं मिळतं, तुमच्या शाळेचं नाही, कुणी त्याच्यावरनं भीती घातली तर ऐकून सोडून द्या.

वही पुढं सरकली असेल तर मी तरी काढणार नाही. गणिताला माणूसच नसेल आणि वर्षभर येणार नसेल, तर मात्र बिनधास्त दुसरी झेडपीची नाहीतर अनुदानित शाळा बघा, त्यात टोळीचा काही संबंध नाही.

प्रश्न : शाळेच्या फॉर्मवर पोरांची जात कशाला लिहायची? शाळेतच भेदभाव शिकवायचा का?
– एक वडील, सातारा

उत्तर : वर्गात जात पुकारू नये, ह्याला माझा पूर्ण होकार, कुणी पुकारत असेल तर हेडमास्तरांकडं जा. पण रकाना राहू द्या. त्यावरच मुलींच्या सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीसारख्या स्कॉलरशिप मिळतात, आणि सातवीनंतर कुठल्या वस्तीतली पोरं शाळेतनं गायब होतात ते त्यावरनंच कळतं. तुमच्याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० ला ‘भिवा’ नावाचं एक पोरगं शाळेच्या रजिस्टरला लागलं, म्हणून तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस. ते पुढं बाबासाहेब झाले. त्या वेळी वर्गात त्यांना वेगळं बसवायचे. वेगळं बसवणारी माणसं होती, रकान्याने कुणाला बसवलं नाही.