खरेपणाची शंका असलेले जुने, गूढ फोटो आपल्याला इतके का खेचून घेतात?
माझ्या मते हे आकर्षण त्या फोटोंच्या अपुरेपणात आहे. १९३४ साली छापून आलेल्या स्कॉटलंडमधील लॉक नेस सरोवराच्या फोटोतील लांब मानेचा प्राणी म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली नकली मान होती, हे १९९४ मध्ये उघड झाले. तरीही लोक तो टक लावून पाहतात, कारण धूसर जागा मन स्वतःच भरून काढते. आमच्या मराठवाड्यातही जुन्या वाड्यांतील, मागे ना नाव ना साल असलेल्या तसबिरींचे असेच असते. त्यातली एखादी लाला दीनदयाळांनी काढल्याचे वडीलधारे ठासून सांगतात (ते सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते, एवढे खरे) आणि पुरावा विचारला की चहा मागवतात.