ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये मत कोणाला? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न : मी एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या) प्रोजेक्टचं मराठी भाषांतर गेली काही वर्षं बघतेय. मतदानाचा विषय निघाला की "आधी कोड दाखव" म्हणतात. हे बरोबर आहे का?

अजिबात नाही. डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम बनवणाऱ्या प्रोजेक्टने २०१० साली रीतसर ठराव करून हे मिटवलंय, पॅकेजिंग (सॉफ्टवेअर इन्स्टॉल करता येईल असं बांधणं) न करणारे लोकपण डेबियन डेव्हलपर, म्हणजे पूर्ण सदस्य, होऊ शकतात, मत अगदी इतरांइतकंच, फक्त पॅकेज अपलोड करायचा अ‍ॅक्सेस तेवढा मिळत नाही. मला हे फार पटतं, कारण अ‍ॅक्सेस हा सिक्युरिटीचा मामला आहे आणि मत हा विश्वासाचा, लोक दोन्हीची गल्लत करतात आणि मग वर्षानुवर्षं राबणारी तुमच्यासारखी माणसं बाहेरच राहतात. टीमपुढे हा ठराव ठेवा आणि हक्काने मागा.

प्रश्न : एका कंपनीने आम्हाला चार इंजिनिअर फुलटाइम दिलेत. चौघांनाही मत द्यायचं?

चौघंही नीट काम करत असतील तर द्या की, पण माणसाला द्या, कंपनीच्या खुर्चीला नको. अपाचे या ओपन सोर्स संस्थेत असंच आहे, नोकरी बदलली तरी मत त्या माणसाकडेच राहतं, जुन्या कंपनीने जागेवर नवा माणूस बसवला म्हणून त्याला ते आपोआप मिळत नाही. एकगठ्ठा मतांची भीती मात्र खरी आहे. २०१८ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा जनक गिडो व्हान रॉसम नेतृत्वातून बाजूला झाल्यावर पायथनवाल्यांनी ५ जणांची स्टिअरिंग कौन्सिल (निर्णय घेणारी समिती) केली आणि त्यात एका कंपनीचे २ पेक्षा जास्त नकोत असा नियम घातला. म्हणजे मर्यादा निवडून येणाऱ्यांवर आहे, मत देणाऱ्यांवर नाही. तुम्हीही तसंच करा.

प्रश्न : जुनी मंडळी फिरकतच नाहीत. त्यांचं मत काढायचं का?

काढून घेऊ नका, मन दुखावतं आणि ते उगाच आहे. मुदत ठेवा. जीनोम (लिनक्सचा एक डेस्कटॉप) फाउंडेशनची मेंबरशिप २ वर्षांची असते, पुढे रिन्यू करायची. पायथनमध्ये २ वर्षं काही ठोस काम नसेल तर स्वतःहून इनअ‍ॅक्टिव्ह व्हा असं सुचवता येतं. आणि कोरमची, म्हणजे किमान किती मतं लागतात त्याची, काळजी असेल तर डेबियनचं गणित बघा, एकूण मतदारांच्या वर्गमुळाच्या दीडपट, म्हणजे १००० मतदार असले तरी पन्नासेक लोकांनी पाठिंबा दिला की काम भागतं, झोपलेल्यांमुळे काही अडत नाही.

प्रश्न : आम्ही सहाच जण आहोत, एवढं सगळं लागतं का?

रोजच्या कामाला नाही लागत. अपाचेसारखं +१ (हो), ० (तटस्थ), -१ (नको) लिहा, निदान ७२ तास थांबा. कोडवर कोणी -१ दिला तर बदल अडतो, पण त्याने तांत्रिक कारण द्यायलाच हवं, नुसतं आवडलं नाही हे चालत नाही. मत कोणाकोणाचं धरायचं ती यादी मात्र आजच, सगळं गोडीगुलाबीने चाललंय तोवर, रिपॉझिटरीत (कोड ठेवता तिथेच) टाका. भांडण पेटल्यावर यादी करायला बसलात तर प्रत्येक नाव कोणाच्या बाजूचं हेच बघितलं जाईल. नाव घालायचं कसं आणि कमी करायचं कसं, तेही त्याच फाईलमध्ये.