गाठ निघाली, मग लाईट कशाला?

प्रश्न : मिस्टरांना तंबाखूमुळे गालाचा कॅन्सर झाला. महिन्यापूर्वी ऑपरेशन झालं. आता ३० लाईट (रेडिएशन) आणि दर आठवड्याला किमो सांगितलाय. गाठ तर पूर्ण निघाली! दीर म्हणतात, लाईटने तोंड जळतं, आधी दोन महिने जडीबुटी करून बघू. काय करू?

उत्तर : ताई, लाईटने तोंड सोलवटतं, यात दिरांचं काही चुकत नाही. पण दोन महिने थांबू नका. डोळ्यांना दिसते ती गाठ निघते, मागे राहिलेल्या पेशी दिसत नाहीत, लाईट त्यांच्यासाठी. ऑपरेशनपासून साधारण सहा आठवड्यांत ते सुरू व्हायला हवेत, आणि तुमचे चार गेले.

किमो मात्र सगळ्यांना लागत नाही. कापलेल्या कडेला कॅन्सर सापडला, किंवा मानेतल्या लसिकाग्रंथीचं (लिम्फ नोडचं) कवच फोडून तो बाहेर आला, तर लाईटचा जोर वाढवायला सहसा सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध देतात. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये हे दोन्ही नसेल, तर किमो कशासाठी ते सरळ विचारा. डॉक्टर रागावले तरी विचारा.

याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे जा. किडलेली दाढ आत्ताच काढायची, कारण जखम भरायला १० ते १४ दिवस लागतात. लाईटनंतर काढली तर जबड्याचं हाड भरून न येता सडू शकतं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येईल, शेवटाकडे वाढेल आणि लाईट संपल्यावरही काही दिवस तसंच राहील. पहिल्या दिवसापासूनच गुळण्या सुरू करा : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, एक छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा खाण्याचा सोडा, जागेपणी दर दोन तासांनी. तुरटी नको, झोंबणारं माऊथवॉश नको. तिखट, लिंबू, टोमॅटो बंद. मऊ भातात मूगडाळ आणि तूप, नाचणीची खीर, कुस्करलेलं उकडलेलं अंडं चालेल. जेवणाआधी तोंड बधिर करणारं औषध मागून घ्या. मॉर्फिन लिहून दिलं तर दचकू नका, दुखणं थांबलं तरच घास उतरतो.

दर आठवड्याला वजन करा. वजन उतरलं की लाईट घेताना चेहरा हलू नये म्हणून लावलेला मास्क ढिला होतो आणि लाईटचा नेम हलतो. गिळणं जमेनासं झालं तर नाकातून नळी घालू द्या. नळी बघून नातेवाईक रडायला लागतात, पण ती काही आठवड्यांपुरतीच असते. नळीला नाही म्हणून मधेच लाईट सोडले, तर उरलेल्या पेशींना वाढायला सवड मिळते.

किमोच्या दिवसांत उलटीची गोळी उलटी होण्याआधीच द्या. कान वाजू लागले, लघवी कमी झाली किंवा ताप १००.४ वर गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. जडीबुटी या काळात नकोच, सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडावर आधीच ताण असतो.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला हॉस्पिटलमध्येच भेटा.

आणि जबडा आवळू नये म्हणून डॉक्टरांना विचारून आइस्क्रीमच्या स्वच्छ काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायला सांगा. जमेल तशी एकेक काडी वाढवायची. लाईट संपल्यावरही हा व्यायाम चालूच ठेवायचा.