प्लूटोपाशी यान थांबले का नाही? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : न्यू होरायझन्स यान साडेनऊ वर्षे प्रवास करून प्लूटोपाशी पोहोचले आणि लगेच पुढे निघून गेले. ते त्याच्याभोवती फिरत का राहिले नाही?

उत्तर : कक्षेत शिरायचे तर आधी वेग कमी करावा लागतो. 19 जानेवारी 2006 रोजी निघालेल्या या यानाने पुढच्या वर्षी गुरूच्या गुरुत्वाकर्षणाचा लाभ घेऊन आपला वेग वाढवला, त्यामुळे प्रवासाची सुमारे तीन वर्षे वाचली. 14 जुलै 2015 रोजी ते सेकंदाला सुमारे 14 किलोमीटर वेगाने प्लूटोपासून साधारण 12,500 किलोमीटर अंतरावरून गेले. प्लूटोचे गुरुत्वाकर्षण क्षीण आणि वातावरण अतिविरळ असल्याने हा वेग केवळ इंधन जाळूनच कमी करता आला असता; आणि तेवढे इंधन सोबत घेतले असते तर अवघ्या 478 किलो वजनाचे हे यान इतके जड झाले असते, की तिथवर इतक्या लवकर ते पोहोचलेच नसते. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता, कारण न थांबल्यामुळेच 1 जानेवारी 2019 रोजी यानाला अरोकोथ जवळून पाहता आला. नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ पिंडांच्या, म्हणजे कायपर पट्ट्यातील या पिंडाचा शोध हबल दुर्बिणीने 2014मध्ये लावला, म्हणजे यान निघाले तेव्हा तो कोणाला ठाऊकही नव्हता! त्याचे दोन गोळे एकमेकांवर आदळून फुटलेले नाहीत, तर अलगद चिकटलेले आहेत, आणि ग्रहांची सुरुवात कशी झाली असावी याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

प्रश्न : प्लूटोची छायाचित्रे यायला वर्षाहून अधिक काळ का लागला?

उत्तर : यानाचा संदेश पाठवणारा प्रक्षेपक जेमतेम 12 वॉटचा, म्हणजे घरातील एलईडी दिव्याएवढ्या शक्तीचा आहे. प्लूटोपासून संदेश पृथ्वीवर यायला साडेचार तास लागत, आणि सेकंदाला एक-दोन किलोबिट एवढीच माहिती येई. ती सगळी मिळायला ऑक्टोबर 2016 उजाडला. शिवाय अँटेना यानाला पक्की जडवलेली असल्याने कॅमेरे प्लूटोकडे वळवले की पृथ्वीशी बोलणे थांबे. त्यामुळे 14 जुलैला प्लूटोची भेट होऊन गेल्यावर कित्येक तासांनी, रात्री, यान सुखरूप असल्याचा संदेश नियंत्रण कक्षात पोहोचला.

प्रश्न : एवढ्या दूर वीज कशी मिळते?

उत्तर : प्लूटोपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीच्या सुमारे हजारपट कमी असल्याने सौरपट्ट्या उपयोगाच्या नाहीत. यानात प्लुटोनियम-238 या किरणोत्सारी पदार्थाच्या क्षयातून निघणाऱ्या उष्णतेपासून वीज तयार होते. उड्डाणाच्या वेळी ती सुमारे 245 वॉट होती आणि दरवर्षी थोडीथोडी घटते आहे.