‘मी पिल्लं सोडून दिली, म्हणजे मी वाईट आहे का?’

(मुलाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

‘मुलगा गेममध्ये सारखा प्राणी पकडतो आणि त्यांना झुंजवतो, उद्या तो क्रूर तर होणार नाही ना?’ हा प्रश्न घेऊन बरेच पालक माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात. ओजसच्या आईची काळजी मात्र उलटी होती. अकरा वर्षांच्या ओजसने ‘पोकेमॉन व्हायलेट’ हा व्हिडिओ गेम खेळणं एकाएकी सोडलं होतं. रात्री अंथरुणात तो रडायचा आणि ‘मी वाईट आहे का?’ एवढंच विचारत राहायचा. आजी म्हणत होत्या, मुक्या जिवांना कोंडून लढवायचं हे पापच. बाबा म्हणत होते, ‘अरे, गेम आहे तो! खरे आहेत का ते?’

दोन्ही उत्तरं मायेपोटीच दिलेली होती, पण दोन्हींमुळे ओजसचं बोलणं तिथेच थांबलं. आजीच्या उत्तराचा त्याने काढलेला अर्थ ‘हो, तू वाईट आहेस’ असा होता, आणि बाबांच्या उत्तराचा ‘तुझा प्रश्नच बावळट आहे’ असा.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. यातल्या काल्पनिक प्राण्यांना पोकेमॉन म्हणतात. रानातला प्राणी आधी लढून अर्धमेला करायचा, जमलं तर झोपवायचा आणि मग त्याच्यावर चेंडू टाकायचा. प्राण्याची ताकद जितकी कमी, तितका तो चेंडूत अडकण्याचा संभव जास्त. सहा प्राणी सोबत ठेवता येतात, बाकीचे खोक्यांत जातात. एका खोक्यात 30, अशी जास्तीत जास्त 32 खोकी. लढाईत कुणी मरत नाही, हरलेला प्राणी बेशुद्ध पडतो आणि केंद्रावर फुकटात बरा होतो.

अशा मुलाशी बोलताना पहिली पंचवीस-तीस मिनिटं फक्त खेळ बघावा. यंत्र मुलाच्या हातात असू द्यावं. ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारलं की मूल मोठ्यांना आवडेल ते उत्तर देतं. त्याऐवजी साधे, ठोस प्रश्न विचारावेत: आता हा प्राणी कुठे गेला? याला नाव कुणी दिलं? हा तुझं का ऐकतो? या शेवटच्या प्रश्नावर ओजसचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. ‘बिल्ले मिळाले की ऐकतात. एकही बिल्ला नसेल तर विसाव्या लेव्हलच्या वरचा पकडला तर तो ऐकत नाही. प्रेमाचा काही संबंध नाही.’ ते खरंच आहे. बिल्ले म्हणजे खेळात ठरावीक लढती जिंकल्यावर मिळणारी पदकं. या मालिकेत जवळिकीचा आकडाही असतो, 0 ते 255 असा, आणि प्राणी बेशुद्ध पडला की तो थोडा उतरतो. पण आज्ञा पाळायची की नाही हे ठरतं बिल्ल्यांवरच.

हळूहळू मूळ गोष्ट बाहेर आली. त्याच्या पहिल्या पोकेमॉनचं, हिरव्या मांजरासारख्या स्प्रिगॅटिटोचं, नाव त्याने ‘मनी’ ठेवलं होतं. वेगळ्या रंगाची, चमकणारी मनी मिळवायची म्हणून तो मनीची अंडी उबवत होता. असा रंग निघण्याची शक्यता मुळात 4096 मध्ये एक. काही युक्त्यांनी ती वाढते, तरी शेकडो पिल्लं नेहमीच्याच रंगाची निघतात. खोकी भरत गेली की ती रिकामी करावी लागतात. प्रत्येक पिल्लू निवडायचं, ‘सोडून द्या’ दाबायचं, पडद्यावर निरोपाची ओळ येते, की पुढचं. बरेच दिवस त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मग असं काय झालं? आईला विचारलं तेव्हा कळलं की त्याच आठवड्यात सोसायटीच्या जिन्याखाली व्यायलेल्या मांजरीची पिल्लं कुणीतरी पोत्यात घालून मंडईजवळ सोडून आलं होतं. दोन दिवस मांजरी जिन्याखाली ओरडत फिरत होती. घरात त्यावर कुणी बोललं नाही. मुलाला वाईट वाटेल म्हणून विषय टाळला गेला. ओजसने तो आपल्यापुरता जोडून घेतला: त्या लोकांनी केलं तेच मी शेकडो वेळा केलं.

म्हणून खेळाबद्दलची अपराधी भावना अचानक उफाळली, तर मागच्या पंधरा दिवसांत घराच्या आसपास खऱ्या जिवाचं काय झालं हे आधी विचारावं. बऱ्याचदा दुःख तिकडचं असतं आणि ते बोलायला मुलाला खेळ सापडलेला असतो.

त्याच्या मनात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले होते. ते सुटे करण्यातच पुढच्या दोन भेटी गेल्या, आणि तो वेळ सत्कारणी लागला. पहिला प्रश्न: त्या पिल्लांना इजा झाली का? नाही. ते आकडे आणि चित्रं आहेत. त्यांना भूक लागत नाही आणि आईही आठवत नाही. हे मुलाला स्पष्ट, एकदाच सांगावं. दुसरा प्रश्न: खेळताना मी कशाची सवय लावून घेतोय? इथे उत्तर ‘काहीच नाही’ असं नसतं. सहा जणांना नावं देऊन, त्यांचे स्वभाव लक्षात ठेवून खेळणारं मूल आणि हवा तो रंग निघेपर्यंत पिल्लं काढून टाकणारं मूल एकाच खेळात अगदी वेगळ्या गोष्टी करत असतात. त्याने कुणी क्रूर होत नाही, पण नकोशी वाटली तर ती सवय बदलता येते. तिसरा प्रश्न: खेळातली गोष्ट जे बरोबर म्हणते, ते खरंच बरोबर आहे का?

तिसऱ्या प्रश्नाला मोठ्यांनी बगल देऊ नये. ‘पोकेमॉनना लढायला आवडतं’ हे उत्तर सोयीचं आहे, कारण त्यांची आवडनिवड खेळ बनवणाऱ्यांनीच लिहिली आहे. दहा-अकरा वर्षांची मुलं ही पळवाट बरोबर पकडतात. बनवणाऱ्यांनाही हा प्रश्न पडलेला होता. 2010 साली आलेल्या ‘पोकेमॉन ब्लॅक’ आणि ‘पोकेमॉन व्हाइट’ या खेळांमध्ये एन नावाचा तरुण खेळाडूला सामोरा येतो. प्राण्यांना माणसांपासून मुक्त करा, असं त्याचं म्हणणं. तो मनापासून बोलतो, पण ज्या टोळीचा तो राजा आहे तिच्या म्होरक्याला इतरांचे पोकेमॉन काढून घेऊन सत्ता फक्त आपल्या हाती ठेवायची असते. कथेने एनला पूर्ण उत्तर दिलंय असं मला वाटत नाही. म्होरक्या लबाड निघाला म्हणून एनचा प्रश्न खोटा ठरत नाही. हे ओजसला सांगितल्यावर तो पहिल्यांदाच मोकळा झाला. आपल्याआधी हा प्रश्न कुणीतरी विचारला होता, हे त्याला हवं होतं.

या खेळाचं मूळही त्याला आवडलं. 1996 साली जपानमध्ये पहिले पोकेमॉन खेळ आले. ते रचणारे सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदात किडे गोळा करत. पुढे तिथली तळी आणि झाडी जाऊन इमारती आल्या. म्हणजे पकडण्यात कुतूहल असतंच, फक्त खऱ्या जिवाला त्याची किंमत मोजावी लागते. फुलपाखरू चिमटीत धरलं की पंखांवरचे खवले बोटांना लागतात आणि ते परत उगवत नाहीत.

आता घरी काय केलं ते. यंत्र जप्त करायचं नाही, हे आधी ठरलं, कारण जप्ती म्हणजे त्याच्या लेखी शिक्षा आणि शिक्षा म्हणजे गुन्ह्याची कबुली. नियम त्यानेच लिहिले: ठेवणार असेन तेवढीच अंडी उबवायची, मनीच्या पिल्लांसाठी एकच खोकं, रंगासाठी शिकार बंद. सोबत ‘न्यू पोकेमॉन स्नॅप’ घेतला. 2021 च्या या खेळात पकडणं आणि लढणं नाहीच, फक्त फोटो काढायचे. बाहेर तेच राणी पाकोळीसाठी करायचं ठरलं, म्हणजे 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेल्या ब्लू मॉर्मनसाठी. हात न लावता फोटो.

खरी पिल्लं सापडली नाहीत, आणि हे त्याला खोटं गोड करून सांगितलं नाही. पण मांजरी पिल्लं पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून आईने शेजारच्या दोघींना सोबत घेऊन तिची नसबंदी करून आणली. सोसायटीच्या बैठकीत तिने हेही वाचून दाखवलं की भुकेने-तहानेने हाल होतील अशा परिस्थितीत जनावर विनाकारण सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ओजस तिच्या शेजारी बसला होता.

‘मी वाईट आहे का?’ या प्रश्नाबाबत आईला एक शिकावं लागलं. एकदा नीट उत्तर द्यायचं, मग दर रात्री नव्याने हमी द्यायची नाही. ‘याचं उत्तर तुला माहीत आहे, आता मी तुझ्याजवळ बसते’ एवढंच. हमी देत राहिलं की शंका तेवढीच वाढते. नीट उत्तर मिळूनही प्रश्न दिवसातून अनेकदा येत राहिला, झोप आणि जेवण बिघडलेलंच राहिलं, हात धुणं किंवा देवाची माफी मागणं असं काही सोबत सुरू झालं, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. ओजसच्या बाबतीत तशी वेळ आली नाही.

उलट बाजूने काळजी करायची तर ती पडद्यावरून करू नये. मूल खऱ्या कुत्र्यामांजराला मुद्दाम, पुन्हा पुन्हा, लपून इजा करतंय का, ते विव्हळल्यावर थांबतं की नाही, हे बघावं. तसं दिसलं तर थांबू नये, लगेच तज्ज्ञांना दाखवावं.

ओजसच्या वर्गात आता ‘पालवर्ल्ड’ची चर्चा आहे आणि त्याने तो मागितलाय. जानेवारी 2024 मध्ये आलेल्या या खेळात पकडलेल्या प्राण्यांना तळावर कामाला जुंपता येतं. फार राबवलं की त्यांचं मानसिक स्वास्थ्य दाखवणारा आकडा घसरतो आणि ते आजारी पडतात. सुरा मिळाल्यावर त्यांना कापताही येतं, त्या क्षणी पडदा धूसर होतो. अकराव्या वर्षी तो एकट्याने खेळायला देऊ नये असं माझं मत आहे. बाबांनी आधी सुरा हाती येईपर्यंत स्वतः खेळून बघायचं आणि मग दोघांनी मिळून ठरवायचं, असं शेवटच्या भेटीत ठरलं.